शोचं सॉकेट

आमच्या घरातल्या पुरुषांनी न्हाव्याच्या दुकानात पाय ठेवायचा नाही, असा पप्पांचा कायदा होता. केस कंपनीतला त्यांचा एक दोस्त महिन्यातून एकदा गॅलरीत बसवून कापून द्यायचा. दाढी ज्याची त्याने घरीच करायची. अंबरनाथला स्टेशनबाहेर एकाला एक लागून सलून होती. आरसे, फिरत्या खुर्च्या, दिवसभर गाणी. तिथे कोण कुठल्या वस्तीतला, हे ऐंशीच्या दशकात कुणी विचारतही नव्हतं. तरी पप्पा त्या दुकानांसमोरून जायचं टाळत आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने आम्हालाही ओढून नेत.

याचं कारण आबा. आबा म्हणजे पप्पांचे वडील. मुरबाडकडच्या त्यांच्या गावात न्हावी म्हशी भादरायचा, पण आमच्या माणसांच्या गालाला हात लावायचा नाही. तरुणपणी आबा कल्याणला कामाला आले होते, तेव्हा एकदा हिंमत करून एका दुकानात जाऊन बसले. अर्धी दाढी झाली आणि गावातलं कुणीतरी आत आलं. त्याने ओळखलं. आबांना खुर्चीतून खेचून बाहेर काढलं, साबणाच्या तोंडाने रस्त्यावर पाडलं आणि चारपाच जणांनी लाथांनी तुडवलं. आबा तशाच अर्ध्या दाढीने चालत घरी आले. पप्पा तेव्हा लहान होते, दारात उभे होते. पुढे आमची सगळी वस्ती बौद्ध झाली, पप्पा शिकले, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर झाले, पण बापाचा तो अर्धा गाल त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नाही. रोज सकाळी ते दोनदा वस्तरा फिरवायचे, एकदा सरळ आणि एकदा उलटा.

पप्पा मारायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. आईला मारायचे, मला मारायचे. पट्टा, ओला टॉवेल, हाताला येईल ते. वरण पातळ झालं म्हणून मारायचे आणि मी उलट उत्तर दिलं म्हणून मारायचे, आणि उलट उत्तर मी रोज देत असे. शेजारच्यांना ऐकू जायचं, पण शेजारीही तेच चालू असायचं. आम्ही मोरिवलीच्या बाजूला राहायचो, कारखान्यांच्या अंगाला. गेटवर युनियनच्या मारामाऱ्या, नळावर बायकांच्या उपटलेल्या झिंज्या, दारूच्या गुत्त्यासमोर फुटलेली डोकी. मीही काही गरीब गाय नव्हते. शाळेत असताना एका पोराने माझी वेणी ओढली, तर मी कंपासपेटीने त्याचा दात पाडला होता. पप्पांनी त्याबद्दल मला बडवलं आणि नंतर कौतुकाने दोस्ताला सांगितलं.

आबा तेव्हा बदलापूर गावात काकांकडे राहायचे. त्यांचे हात कापायला लागले आणि पप्पा त्यांना आमच्याकडे घेऊन आले. चहाची बशी तोंडाला लावेपर्यंत अर्धा चहा छातीवर सांडायचा. रविवारी विहारात वंदनेला जायचं तर आबांना गुळगुळीत दाढी हवी असायची, आणि ती आता त्यांना स्वतःला जमत नव्हती. म्हणून दर रविवारी सकाळी पप्पा त्यांची दाढी करायला बसत.

ते बघवत नसे. पप्पांच्या हातात माया होती की नव्हती मला माहीत नाही, धीर मात्र अजिबात नव्हता. ते आबांचा जबडा डाव्या हाताने पकडीत धरावा तसा धरायचे आणि "हलू नको बा, हलू नको" म्हणत वस्तरा ओढायचे. आबांची मान थरथरायची, वस्तरा लागायचा, रक्त यायचं. तुरटी फिरवली की आबा डोळे घट्ट मिटून घ्यायचे. एका रविवारी गळ्यावर लांब चीर गेली. आई धावत आली आणि तिने पप्पांचं मनगट धरलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, हात टॉवेलला पुसला आणि तिच्या कानाखाली अशी काही दिली की ती दाराच्या चौकटीवर जाऊन आपटली. आबांच्या गळ्यावरून रक्त बनियनपर्यंत ओघळत होतं आणि ते आईकडे बघत होते.

हे सगळं ऐकून माझ्या मामाने, म्हणजे आईच्या भावाने, आखातातून सुट्टीवर येताना विजेवर चालणारं दाढीचं यंत्र आणलं. काळं, हाताच्या मुठीत मावेल एवढं, आणि वायरच्या टोकाला दोन गोल पिना. बटण दाबलं की घुर्रर्र करायचं. आबांना ते फार आवडलं. त्यात पातं उघडं नव्हतं, हात कितीही थरथरला तरी गाल कापत नव्हतं. ते स्वतःच्या हाताने गाल, हनुवटी, गळा सगळं फिरवायचे आणि मग बराच वेळ गालावर तळवा ठेवून बसायचे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बाहेरच्या खोलीतल्या साध्या प्लगवर यंत्र मजेत चालत होतं. पण पप्पा एकदा कंपनीच्या कामाने मुंबईला गेले होते आणि मोठ्या साहेबांसोबत एका गेस्ट हाउसमध्ये राहिले होते. तिथे बाथरूममध्ये, आरशाच्या बाजूला, दाढीच्या यंत्रासाठी वेगळं सॉकेट होतं. त्यावर छोटंसं चित्र काढलेलं. मोठ्या साहेबांनी त्यांना समजावलं की बाथरूममध्ये साधं सॉकेट लावलं तर माणूस मरेल, पण याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. तो आपल्या बाजूची वीज जमिनीपासून तोडून टाकतो, म्हणून ओल्या हाताने एक तार धरली गेली तरी अंगातून करंट जमिनीत उतरत नाही. हे साहेबांनी बरोबर सांगितलं होतं आणि पप्पांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. घरी आल्यावर त्यांनी ते आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की मला पाठ झालं.

"माझा बाप बाहेर खाटेवर बसून दाढी करणार नाही," ते म्हणाले. "साहेब लोक जिथे करतात तिथे करील. आरशासमोर."

सॉकेट आणायला उल्हासनगरला गेलो. मी बारावीला होते, इंग्रजी वाचता येतं म्हणून मला बरोबर घेतलं. दोन नंबर कॅम्पात विजेच्या सामानाचं एक दुकान होतं, आत वायरींची भेंडोळी आणि होल्डरांच्या माळा. गल्ल्यावर एक म्हातारे सिंधी गृहस्थ बसले होते. पप्पांनी चित्र काढून दाखवलं. त्यांनी लगेच ओळखलं.

"साईं, ओरिजिनल चाहिए कि शो में?"

"शो में," पप्पा म्हणाले. "एकदम शो में दो."

म्हाताऱ्यांनी माळ्यावरून एक खोका काढला. पांढरी शुभ्र, ऐसपैस पट्टी, दोन गोल भोकं, वर दाढीच्या यंत्राचं चित्र आणि त्याखाली इंग्रजीत 'फक्त दाढीच्या यंत्रासाठी'. मी वाचून दाखवलं. पप्पांनी ते हातात घेऊन तोललं. चांगलं जड होतं.

"वजन है," पप्पा म्हणाले.

"देखो साईं, शो का पीस है ये. समझे ना?"

"समझा, समझा," पप्पा म्हणाले. आपल्याला कुणी काही समजावलेलं त्यांना खपत नसे. "वही चाहिए."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सॉकेट कागदात गुंडाळून दिलं. मलाही वाटलं, शोचं म्हणजे ऐटबाज, दिमाखदार. आमच्याकडे लग्नात शामियाना चांगला असला की काय शो आहे म्हणायचे. परत येताना पप्पा भलतेच खुशीत होते. रिक्षात त्यांनी तो पुडा मांडीवर धरला होता आणि एका सायकलवाल्याने धक्का दिला तेव्हा उतरून त्याची कॉलर धरण्यापुरताच तो माझ्याकडे दिला.

बसवलं त्यांनी स्वतःच. छिन्नी-हातोड्याने बाथरूमच्या भिंतीला खड्डा पाडला, बाहेरच्या बोर्डावरून वायर आत ओढली, सिमेंट लिंपलं. आरसा नवीन आणला. मग बिल्डिंगमधल्या चार पुरुषांना बोलावून आबांना आत उभं केलं. पप्पांनी स्वतःचे हात नळाखाली धरले, ओल्या हातानेच यंत्र पकडलं आणि आबांच्या गालावर फिरवून दाखवलं. काही झालं नाही. त्या यंत्राचं अंगच सगळं प्लास्टिकचं होतं आणि आत पाणी शिरलं नव्हतं, म्हणून काही झालं नाही. पण बघणाऱ्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून ते सॉकेट म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा ठरली.

मग थंडी पडली. आम्ही पाणी स्टोव्हवर तापवायचो. पप्पांनी एक रॉड आणला होता, बादलीत टाकून पाणी तापवायचा, पण त्याची वायर आखूड होती आणि बाहेरच्या प्लगपासून बाथरूमपर्यंत पोचत नव्हती, म्हणून तो पडून होता. त्याला दोन पिनांचाच प्लग होता. पप्पांनी तो नव्या सॉकेटमध्ये घातला. घट्ट बसला. दहा मिनिटांत बादलीतून वाफा निघायला लागल्या.

"बघा," पप्पा म्हणाले. "दाढीसाठी म्हणतात, पण रॉडसुद्धा ओढतो. काय माल आहे."

आज मला माहीत आहे की तिथेच आम्हाला कळायला हवं होतं. खऱ्या सॉकेटमधला ट्रान्सफॉर्मर एवढासा असतो, दाढीच्या यंत्रापुरता. त्यावर रॉड लावला तर ते सॉकेट तिथल्या तिथे बंद पडतं. आमचं बंद पडलं नाही, कारण बंद पडायला आत काही असावं लागतं. ते जितकं जोरात चालत होतं तितकं खोटं होतं आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो.

रोज सकाळी लोखंडी बादलीत रॉड लागायचा. पहिली आंघोळ आबांची. तो रॉड दिवसेंदिवस पांढरा, खरबरीत होत गेला, आमच्याकडच्या पाण्यातला क्षार त्यावर चढत होता आणि त्याखाली रॉडची नळी कुठेतरी तडकत होती. आधी आईला जाणवलं. ती म्हणाली, "बादलीला हात लावला की मुंग्या येतात."

"उपाशी राहतेस ना उपासाच्या नावाखाली, म्हणून मुंग्या येतात," पप्पा म्हणाले. ती कुठलेच उपास करत नव्हती.

आईने दोनदा सांगून बघितलं. दुसऱ्यांदा पप्पांनी तिचं मनगट धरून बळेच बादलीच्या कानावर दाबलं आणि विचारलं, आहेत का मुंग्या, सांग, आहेत का. ती कोरड्या पायपोसावर उभी होती. काही आलं नाही. पप्पांनी तिचा हात झटकला. त्यानंतर तिने बोलणं बंद केलं आणि एक गोष्ट सुरू केली. आबा आंघोळीला जायच्या आधी ती स्वतः आत जायची, प्लग काढायची, रॉड बाहेर आणायची आणि मगच त्यांना आत सोडायची. हे रोज. तिला भीती होती ती आबांची. ते कापऱ्या हाताने रॉड चालू असताना पाण्यात हात घालतील आणि आपल्याला कळेपर्यंत जातील, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मलाही म्हणाली, "मी घरात नसले तर तू करायचंस. विसरलीस तर म्हातारा गेला समज."

मग तो रविवार आला. पप्पा मटण आणायला गेले होते. आई बाथरूममध्ये रॉड काढायला गेली, आणि तिने प्लग ओढायच्या आधीच चुकून बादलीला पाय लागला असावा. ओल्या फरशीवर अनवाणी होती ती. मला एक घुसमटलेला आवाज ऐकू आला आणि ती पाठमोरी दारातून बाहेर येऊन पडली. कोपर सोलवटलं, ओठ दाताखाली येऊन फाटला. मी तिला उचलायला गेले तर तिने हात वर करून मला थांबवलं, मला हात लावू नकोस म्हणाली. आबा खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीची वाट बघत बसले होते. ते भिंतीला धरून उभे राहिले.

माझं डोकं फिरलं. मी पप्पांना, त्या सॉकेटला, त्या दुकानदाराला तोंडाला येईल ते बोलत सुटले. "आणि म्हणतो कसा तो, शो का पीस है, शो का पीस. घाल म्हणावं चुलीत तुझा शो."

आई भिंतीला टेकून रक्त पुसत होती. ती थांबली.

"काय म्हणाला तो?"

"शो का है म्हणाला. दोनदा म्हणाला. आधी विचारलं ओरिजिनल पाहिजे का शोमध्ये."

आई उठली आणि आतल्या खोलीत गेली. त्या काळात उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतून बायका घरी माल आणायच्या, धागे कापून परत द्यायच्या. आमच्याकडेही गठ्ठा असायचा. तिने त्यातली एक पॅंट उपसून आणली आणि पुढचा खिसा माझ्यासमोर धरला. खिशावर दुहेरी शिलाई, तांब्याचा रिबीट, सगळं होतं. "बोट घाल," ती म्हणाली. बोट जाईना. वरून नुसता शिवलेला, आत पिशवीच नव्हती.

"याला शोचा खिसा म्हणतात. कारखान्यात सगळे असंच म्हणतात. शोचा म्हणजे दिसायला आहे, आत काही नाही."

त्या म्हाताऱ्या माणसाने फसवलं नव्हतं. त्याने त्याच्या भाषेत स्वच्छ सांगितलं होतं, आणि पप्पांनी त्यांच्या भाषेत ऐकलं होतं.

मी मेन स्विच खाली ओढला, पेचकस घेतला आणि पट्टीचे दोन्ही स्क्रू काढले. सॉकेट बाहेर आलं. मागे ट्रान्सफॉर्मर नव्हता. दोन वायरी सरळ दोन भोकांना जोडलेल्या होत्या, बाकी पत्र्याच्या डबीत प्लास्टरचा एक पांढरा गोळा ओतलेला. वजन त्याचंच होतं. मी तो गोळा खरवडून बाहेर काढत होते तेवढ्यात पप्पा दारात आले.

भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी त्यांनी बघितल्या. मटणाची पिशवी खाली ठेवली. मी सांगायला तोंड उघडलं, "पप्पा, यात काहीच नाही," आणि त्यांनी रॉडची वायर दुहेरी करून माझ्या पाठीवर ओढली. मग पुन्हा. मी सरकत भिंतीपर्यंत गेले आणि ते मागून येत राहिले. माझ्या सॉकेटला हात लावायची तुझी हिंमत कशी झाली, एवढंच ते म्हणत होते. आईने तो गोळा त्यांच्यासमोर धरला. पप्पांनी तो तिच्या हातातून हिसकावून भिंतीवर फेकला. तो फुटला आणि पांढरी भुकटी सगळ्या घरभर उडाली.

मग ते थांबले. जमिनीवरच्या भुकटीकडे बघत राहिले. त्यांना कळलं. ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय हे त्यांच्याइतकं घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या क्षणी ते सॉकेट फेकून दिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि मला वाटतं ते फेकणारही होते.

पण आबा बोलले. त्यांना बिचाऱ्यांना भांडण मिटवायचं होतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं ते यंत्र. मी ठेसनावर न्हाव्याकडं जाईन. आता कोन हाकलतंय?"

पप्पांचा चेहरा मी आयुष्यात तसा पुन्हा पाहिला नाही. ते ओरडलेसुद्धा नाहीत. "माझा बाप न्हाव्याकडे जाणार नाही," ते म्हणाले. त्यांनी सॉकेट उचललं, वायरी तशाच होत्या, ते भिंतीत कोंबलं, एक स्क्रू पिळला. बाहेर येऊन मेन वर केला. टीव्ही आपोआप मोठ्या आवाजात चालू झाला. बाथरूमचा बल्ब लागला. त्यांनी रॉड बादलीत टाकला, प्लग सॉकेटमध्ये घातला. आई दारात आडवी उभी राहिली, तिला त्यांनी खांद्याने बाजूला लोटलं.

"आबा आत जाणार नाहीत," आई म्हणाली.

"त्याच्या आधी मी जातो. बघ. डोळे फोडून बघ."

ते पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी आत शिरले. वाकताना तोल सावरायला डाव्या हाताने पितळी नळ धरला आणि उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला.

त्यांना ओरडता आलं नाही. घशातून एक घर्रर्र असा आवाज निघाला आणि सगळं अंग ताठ झालं. नळावरची मूठ आवळली गेली, बोटांची पेरं पांढरी पडली. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडेच लागले होते. माझ्या पाठीवरचे वळ तेव्हा चरचरत होते. मी एक क्षण उभी राहिले की नाही, हे मला सांगता येत नाही. मग मी धावले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन दोन्ही हातांनी मेन खाली ओढला.

बल्ब गेला. टीव्ही गेला. घर एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत मला पहिला फटका ऐकू आला.

मी वळून बघितलं. बाथरूमच्या मागच्या झरोक्यातून पुरेसा उजेड येत होता. पप्पा नळापासून सुटून भिंतीशी बसले होते, मान छातीवर, धाप लागलेली, जिवंत. बादली उलटली होती. आईच्या हातात कपडे धुवायचं धोपाटणं होतं, ते लाकडी, जाड, दाराच्या मागे असायचं ते. तिने ते दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि त्यांच्या उजव्या हातावर आणलं. हाड मोडल्याचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला आला. मग खांद्यावर. मग डाव्या हातावर, तो त्यांनी डोकं झाकायला वर केला होता. घोंगडी धुताना जशी दमाने एकेक जागा पकडून धोपटायची तशी ती मारत होती.

मी आडवी गेले नाही. मला आनंद झाला. इतकी वर्षं झाली, मी तो शब्द बदललेला नाही आणि बदलणार नाही.

आबा गेले. भिंतीला धरत, ओल्या फरशीवरून, मेन खाली आहे की वर याची खात्री न करता ते आत गेले आणि त्यांनी आपला कापरा हात धोपाटण्यावर ठेवला. "बास, पोरी," ते म्हणाले. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि धोपाटणं त्यांच्या हातात दिलं. ते त्यांना पेललं नाही, खाली पडलं.

शेजारी जमले. कुणीतरी विचारलं काय झालं, आबांनी सांगितलं, करंट लागला. लगेच रिक्षा आली. करंट लागल्यावर लाकडाने मारून माणसाला सोडवायचं असतं हे कारखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे फरशीवरचं धोपाटणं बघून कुणालाही दुसरी शंका आली नाही. उलट जिन्यात बायका आईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तुझ्यामुळे वाचले म्हणत होत्या. आईने पायात चप्पल घातली, मला म्हणाली, "मटण फ्रिजमध्ये ठेवायला सांग शेजारी. आणि आबांचं पाणी स्टोव्हवर ठेवून ये," आणि रिक्षात जाऊन बसली.

उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात रविवारी एकच डॉक्टर होते, तरुण, झोप न झालेले. पप्पांना बाकावर बसवलं होतं. उजवा हात मांडीवर वेडावाकडा पडला होता, खांदा सुजून आला होता. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं.

"बाथरूममध्ये करंट लागला," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "सुटत नव्हता. हिने लाकडाने मारून सोडवलं."

डॉक्टरांनी आईकडे आदराने बघितलं. "चांगलं केलंत ताई. लोक घाबरून हाताने ओढायला जातात आणि दोघंही जातात." मग त्यांनी खांदा चाचपला, बरगडीवर हात ठेवला, पप्पा कण्हले. "पण बऱ्याच ठिकाणी लागलंय."

"सोडतच नव्हता ना करंट," पप्पा म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते. "बराच वेळ सोडत नव्हता."

त्यांना सगळं माहीत होतं, बल्ब कधी गेला तेही, हे मला तेव्हा समजलं. आणि तरी ते तिला सोडवत होते. किंवा स्वतःला सोडवत होते. बायकोने मारलं म्हणण्यापेक्षा करंटने धरून ठेवलं म्हणणं त्यांना बरं वाटत असेल. मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची कीव आली आणि मला ती नको होती.

आईचा फाटलेला ओठ सुजला होता. बोलायला तिला त्रास होत होता, तरी ती बाकावरून उठून डॉक्टरांच्या टेबलाशी गेली.

"लाईट आधीच गेली होती," ती म्हणाली.

डॉक्टरांना आधी कळलं नाही. त्यांनी पप्पांकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग माझ्या पाठीकडे, तिथे ब्लाउजच्या वरपर्यंत वायरचे वळ चढले होते. पप्पांनी मान वर केली नाही.

"मी मारलं तेव्हा लाईट नव्हती," आई म्हणाली. "आणि डाव्या हातालाही बघा साहेब. तिथंही मी मारलंय."

डॉक्टर उठले आणि त्यांनी पप्पांची डावी बाही हळूहळू वर सरकवली.